सुकाणू चक्र, मोटारगाडीचे

मोटारगाडीची पुढील चाके हव्या त्या दिशेस वळविण्यासाठी चालकाच्या हाती असणारे वर्तुळाकार साधन. बोलीभाषेत यास ‘स्टिअरिंग’ म्हणतात. हातात धरावयाचे कडे, त्याला आधार देणारे आरे आणि मध्यभागीचा तुंबा असे याचे तीन भाग असतात. तुंब्याच्या छिद्राला आतून खाचा असतात. त्या सुकाणू दंडाच्या टोकावरील खाचांत बसवून वरून एक नट आवळला, की चक्र दंडाशी एकजीव होते. मोटारीचा बहुतेक भार वाहणारे भाग पुष्कळ बोल्टांनी किंवा वितळजोडाने जखडलेले असतात. सर्व प्रवाशांचा जीव ज्यावर अवलंबून असतो ते हे चक्र मात्र पुष्कळ गाड्यांत एकाच नटावर बसविलेले असते. कारखान्याने बसविलेले चक्र काढून दुसरे बसविण्याची रीत जगभर पसरली, तिला हे सोपेपण कारणीभूत आहे. आणि ती रीत धोक्याची ठरली तीही याच सोपेपणामुळे.

सुकाणू हा शब्द मराठीत अरबी ‘सुक्कान’ या शब्दावरून, सागरी व्यवहारातून आला. कोकण किनाऱ्यावरील कोळ्यांच्या होड्यांना मागील बाजूस उभी फळी व तिला आडवा दांडा असतो. दांडा एका बाजूस लोटला, की होडी दुसऱ्या बाजूस वळते. आरंभीच्या मोटारींची रचना याहून फारशी वेगळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत यूरोपात व अमेरिकेत तयार झालेल्या बहुतेक गाड्या दांड्याने किंवा उभ्या दंडावरील मुठीने वळविल्या जात. ताशी १५–२० किमी. वेगापर्यंत हे साधन चाले. वेग वाढल्यावर मात्र रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याचा हिसका दांड्यातून थेट चालकाच्या मनगटाला बसे. पाण्यावर सुकाणूला बसणारा धक्का पाणीच पुष्कळसा शोषून घेते. दगडी रस्ता तसे करीत नाही.

फ्रेंच मोटारचालक आल्फ्रेद व्हाशरों याने १८९४ मध्ये पॅरिस ते रूआं या स्पर्धेत पानार गाडीला दांड्याऐवजी चक्र बसवून भाग घेतला. मोटारगाडीला सुकाणू चक्र बसविल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते. म्हणजे मोटारगाडीला मिळालेले पहिले चक्रही मूळ साधन काढून चालकाने आपल्या सोयीसाठी बसविलेलेच होते. चार्ल्स रोल्स याने १८९८ मध्ये चक्र असलेली पानार गाडी इंग्लंडमध्ये आणली आणि पुढील दहाएक वर्षांत दांडा जवळजवळ नाहीसा झाला. चक्र फिरविताना दोन्ही हात वापरता येतात, ते एकाहून अधिक वेढे फिरविता येते आणि मधल्या दंतचक्रांमुळे चालकाच्या हातची थोडी प्रेरणा वाढून चाकांपर्यंत पोहोचते, हे त्याचे मुख्य गुण होत. [→ मोटारगाडी].

चक्राचा व्यास कारखाने मनास येईल तसा ठरवीत नाहीत. दंडाला मिळणारे परिबल हे हाताची प्रेरणा व चक्राची त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढे असते. उदा., ४२ सेंमी. व्यासाच्या चक्राऐवजी ३५ सेंमी. व्यासाचे चक्र बसविल्यास तेवढ्याच वळणासाठी हाताला सु. २० टक्के अधिक जोर लावावा लागतो. हाताला कमी अंतर फिरावे लागत असल्याने वळणाची क्रिया मात्र झटपट होते. धावत्या गाडीत हा जोर फारसा जाणवत नाही. उभ्या किंवा सावकाश सरकणाऱ्या गाडीत तो खांदे भरून आणतो. शर्यतीच्या गाडीला लहान चक्र सोईचे व गर्दीत दिवसभर फिरणाऱ्या टॅक्सीला मोठे, यातील रहस्य एवढेच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीची चक्रे लाकडी कड्याची असत. नंतर पोलादी गाभ्यावर कठीण रबर व पुढे निरनिराळी प्लॅस्टिके चढवू लागले. ही कडी उन्हाने तडकत आणि तडकलेल्या कड्याच्या जागी नवे चक्र घेणे हे बदलीचे सर्वांत जुने व साधे कारण होते. दुसरे कारण मौजेचे आहे. १९०८ पासून विकल्या गेलेल्या फोर्ड टी प्रतिमानाच्या गाडीत चालकाची जागा इतकी अपुरी होती, की स्थूल गृहस्थांना आत शिरणे जड जाई. त्यांच्यासाठी बिजागरीवर वर उचलता येणारी चक्रे अन्य उत्पादकांनी बाजारात आणली व ती चांगली खपली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत या वस्तूला प्रतिष्ठा आली. एन्रीको नार्दी याची अक्रोड व तत्सम लाकडाच्या कड्याची, ॲल्युमिनियमच्या आऱ्यांची चक्रे १९५० नंतर शर्यतीच्या व श्रीमंतांच्या गाड्यांत दिसू लागली. शर्यतपटू जानपिएरो मोरेत्ती याने स्वतःसाठी जाड, चामडी कड्याचे लहान चक्र करून घेतले. तसेच चक्र जॉन सर्टीझ याच्या फेरारी गाडीस बसविले होते व त्याच गाडीतून त्याने १९६४ चे जागतिक विजेतेपद मिळविले. मोरेत्तीच्या ‘मोमो’ या उद्योगाची कीर्ती त्यातून झाली. हातातील चक्र बदलल्याने साधा गृहस्थ शर्यतपटू होत नाही. तथापि आपण तसे झालो आहोत, ही भावना त्याला अल्प खर्चात मिळते. पूरक वस्तूंच्या व्यापाराची सारी उभारणी या भावनेवर झाली आहे.

मुंबई व शीव कोळीवाडा : मुंबईत मोटारगाडी १८९८ च्या सुमारास आली व टॅक्सी १९११ मध्ये सुरू झाली. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. येथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने सुकाणू चक्र गाडीच्या उजव्या अंगास असावे लागे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १२० नुसारही, विहित संकेतसाधन बसविलेले असल्याखेरीज डाव्या अंगाला चक्र असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही.

शिवडीच्या उत्तरेस वडाळा व त्यापलीकडे शीव कोळीवाडा लागतो. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथे संपे व साष्टी सुरू होई. १८०५ मध्ये पूर्ण झालेल्या बांधरस्त्याने शीव कुर्ल्याशी जोडले गेले आणि पुण्याकडे व आग्र्याकडे जाणारी वाहतूक या मार्गाने वाहू लागली. या सीमेवरची कोळ्यांची वस्ती ती कोळीवाडा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना या बांधरस्त्यापलीकडे कुर्ल्यास उभा राहिला व १९४७ पासून तेथून वाहने बाहेर पडू लागली.

त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. पंजाब व सिंध प्रांतांतून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती शीव कोळीवाड्यात झाली. प्रथम लष्करी बराकींत व नंतर शासनाने बांधलेल्या इमारतींत त्यांचा निवास होता. हार्बर मार्गावरील तेथील कोळीवाडा या स्थानकाचे नाव पुढे गुरू तेग बहादूर नगर असे झाले. जमीनजुमला मागे टाकून आलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी वाहतुकीचा धंदा धरला. मालमोटारी, टॅक्सी, त्यांची दुरुस्ती, आसनांची आच्छादने व सुटे भाग यांवर कित्येकांची उपजीविका चालली. कोळ्यांच्या गावठाणाला लागूनच पंजाबी खानावळी व मोटारींच्या पूरक वस्तूंची दुकाने उभी राहिली. मुंबईत या व्यापाराचे जुने केंद्र ऑपेरा हाउस व लॅमिंग्टन रोड या भागांत आणि जुन्या भागांचे चोर बाजारात होते. उपनगरांच्या तोंडाशी असलेला शीव कोळीवाडा हे त्यांच्या जोडीचे आणखी एक ठिकाण झाले.

या व्यापाराला विशेष रूप आले ते शासनाच्या औद्योगिक धोरणामुळे. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना १९५३ नंतर वाव राहिला नाही आणि जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. त्यानंतर सु. तीस वर्षे भारतीय ग्राहकापुढे मुख्यतः हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, प्रीमियरची फियाट व मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच गाड्या होत्या. प्रीमियरने १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी काढली. तिच्या पहिल्या आकाराला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. याच गाडीला पुढे ‘प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘पद्मिनी’ ही नावे मिळाली. मूळ यंत्ररचना बव्हंशी तीच राहिली. तिच्या चक्राचे कडे बारीक व व्यास मोठा होता, दंतपालटाचा दांडा चक्राखालीच दंडाला जोडलेला होता आणि वळविण्यास कोणतेही शक्तिसाहाय्य नव्हते. गाडी मिळण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळाल्यावर ती शेजाऱ्याच्या गाडीसारखीच असे. गाडी निवडण्याचे स्वातंत्र्य नसलेल्या मालकाने तिच्या आतील वस्तू निवडण्याची हौस भागवून घेतली व त्यांत सतत डोळ्यांसमोर आणि हातात असणारे चक्र अग्रभागी होते.

डिसेंबर १९६८ मध्ये लंडन–सिडनी मोटार स्पर्धेचा पहिला टप्पा मुंबईस संपला. येथपर्यंत टिकून आलेल्या गाड्या मुंबई बंदरातून जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या. जगातील नामांकित स्पर्धक व त्यांच्या सज्ज केलेल्या गाड्या मुंबईकरांना त्या वेळी जवळून पाहता आल्या. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी बनावटीची चक्रे मात्र दुर्मिळ होती; तीन आऱ्यांची, भोके पाडलेली, कृत्रिम चामड्याने मढविलेली देशी चक्रे त्यांची जागा भरून काढीत.

टॅक्सीवाल्याने या फॅशनला क्वचितच दाद दिली. दिवसभर मुंबईच्या गर्दीत गाडी हाकणाऱ्यास मोठे कडेच हवे असे. त्याची अडचण वेगळी होती : घामाने निसटणारे व उन्हाने तडकलेले कडे. त्यावर त्याने प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्यांचे किंवा दोऱ्याचे वेढे घट्ट गुंडाळण्याचा उपाय केला. हे गुंडाळण्याचे काम कौशल्याचे असते; वेढा सैल पडला तर आवरणच कड्यावर फिरते आणि हात वळतो, पण चाके वळत नाहीत. खाजगी मालकाचा शौक व टॅक्सीवाल्याची गरज यांत अधिक शहाणपण कोणाचे होते, हे वर दिलेल्या गणितावरून उघड आहे.

बदलण्याची पद्धत : पुढील चाके सरळ रेषेत आणून प्रथम घटाची जोडणी सोडवितात. भोंग्याचे बटण काढून आतील तार मोकळी करतात. मधला नट पान्ह्याने सैल करून, पूर्ण न काढता, चक्र पुलर या साधनाने ओढतात. नट अगोदरच काढला तर अडकलेले चक्र एकदम सुटून तोंडावर आदळते, हे शिकाऊ कारागिराला पहिल्या दिवशी सांगितले जाते. दंड व तुंबा यांवर जुळणीची खूण करणे आवश्यक असते, नाहीतर गाडी सरळ जात असताना आरे तिरपे दिसतात. बाजारातील चक्रे अनेक गाड्यांना चालावीत म्हणून तुंब्याविना केलेली असतात. विशिष्ट गाडीच्या दंडाशी जुळणारा मधला तुकडा वेगळा घ्यावा लागतो. त्यास कारागीर ‘बॉस’ किंवा ‘बॉस किट’ म्हणतात. वळणदिवा आपोआप बंद करणारी खुंटी या तुकड्यावर योग्य जागी आहे की नाही, हेही पाहावे लागते.

या सर्व कामात खरी कसोटी बॉसची असते. त्याच्या खाचा दंडाच्या खाचांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. हलक्या धातूचा, कानशीने घासून बसविलेला तुकडा आरंभी घट्ट वाटतो. पुढे खाचा झिजून चक्रात ढिलाई येते आणि ती वाढत गेल्यास चक्र दंडावर नुसतेच फिरू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ प्रमाणे सुकाणू यंत्रणेतील ढिलाई चक्रावर मोजता ३० अंशांहून अधिक असता कामा नये. चक्र जागेवर बसवून झाल्यावर ते दोन्ही बाजूंस थोडे हलवून पाहण्याची जुन्या कारागिरांची सवय याच धोक्यातून आली आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न : आरंभीच्या मोटारींत सुकाणू दंड हा पुढील यंत्रणेपासून चालकाच्या छातीपर्यंत आलेला अखंड पोलादी गज होता. समोरून धडक बसली, की गाडीचा पुढील भाग चेपून हा गज मागे सरके आणि त्याच क्षणी चालक पुढे फेकला जाई. बऱ्याच मृत्यूंचे कारण गाडीची धडक नसून चालकाची चक्राशी होणारी ही दुसरी धडक होते. मर्सिडीझ-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेनयी याने आघाताने दबणाऱ्या सुकाणू दंडाची रचना विकसित केली. त्याचे एकस्व १९६३ चे आहे. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथामुळे या प्रश्नाकडे अमेरिकेतील जनतेचे लक्ष वेधले. जनरल मोटर्सने १९६७ च्या प्रतिमानांत असे दंड बसविले आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत त्याविषयीची मानके लागू झाली. ताशी ४८ किमी. वेगाने भिंतीवर धडक दिल्यास दंड १२·७ सेंमी. हून अधिक मागे येता कामा नये, अशी त्यांतील एक अट आहे. चक्राच्या कड्याने व आऱ्यांनी वाकून छातीवरचा आघात पसरवावा, अशी रचनाही पुढे होऊ लागली.

यानंतर मूळ चक्र काढणे म्हणजे केवळ एक वस्तू काढणे राहिले नाही. कारखान्याने चक्र, दंड व आसनपट्टा यांची एकत्र चाचणी घेतलेली असते. बाजारातून आणलेल्या चक्राची त्या गाडीत अशी चाचणी कोणीच घेतलेली नसते. कठीण आऱ्यांचे चक्र वाकत नाही, लाकडी कडे फुटल्यास त्याच्या ढलप्या निघतात, आणि लांब बॉसमुळे चक्र चालकाच्या छातीजवळ येते. पद्मिनीच्या मालकाने मुळातच साध्या रचनेच्या गाडीतील चक्र बदलले, तेव्हा त्याने फारसे गमावले नाही. पुढील पिढीच्या गाड्यांबाबत तसे म्हणता येत नाही.

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली. ती हलकी असून तिच्या सुकाणू यंत्रणेत दाती पट्टी व लहान दंतचक्र यांची थेट जोडणी होती. त्यामुळे लहान चक्र बसविले तरी हाताला फारसा जोर पडत नसे आणि तरुण मालकांत तीन आऱ्यांच्या चक्रांची हौस पुन्हा बळावली. १९९१ नंतर आयात सुलभ झाली, परदेशी बनावटीची चक्रे व त्यांच्या नकला दुकानांत आल्या. याच दशकात शक्तिसाहाय्यित सुकाणू भारतीय गाड्यांत पसरू लागले व मोठ्या व्यासाची मूळ गरजच कमी झाली. मुंबईच्या पूरक वस्तूंच्या बाजाराचा हा भरभराटीचा काळ होता.

वायुपिशवीने त्याला उतरती कळा लावली. अपघातप्रसंगी सु. ३० ते ५० सहस्रांश सेकंदांत फुगणारी ही पिशवी चालकापुरती चक्राच्या तुंब्यातच घडी करून बसविलेली असते. चक्र फिरत असतानाही तिचा विद्युत् संबंध कायम राहावा म्हणून दंडाभोवती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी तार असते. चक्र काढले की वायुपिशवी गेली. निष्काळजीपणे काढले तर ती कारागिराच्या अंगावर फुटू शकते. मर्सिडीझ-बेंझने १९८० च्या अखेरीस आपल्या मोठ्या गाडीत ही सोय आणली. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत चालकाची वायुपिशवी बंधनकारक झाली.

कायदाही त्याच सुमारास कडक झाला. १९८८ च्या अधिनियमातील कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती होऊन, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास मना करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अननुज्ञात फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रु. दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यानंतर दुकानदार ग्राहकाला चक्राऐवजी त्याचे आवरण सुचवू लागला. टॅक्सीवाल्याने केलेला जुना उपाय अशा रीतीने खाजगी गाडीत शिवलेल्या चामड्याच्या रूपाने पोहोचला.

पद्मिनीचे उत्पादन सु. २००० मध्ये थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली होती. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. मोडीत निघालेल्या गाड्यांबरोबर त्यांची बारीक कड्याची चक्रेही भंगारात गेली. केंद्र शासनाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. जुन्या गाड्यांच्या संग्राहकांत मूळ सामग्रीला मान असतो. त्यामुळे हौसेने बसविलेली तीन आऱ्यांची चक्रे काढून, एके काळी फेकून दिलेली कारखान्याची चक्रे शोधून पुन्हा बसविण्याचे काम कारागिरांकडे येते. अशा चक्राचे तडे विशिष्ट लांबी भरून, घासून व रंगवून बुजवितात. दंडावरील खाचा झिजलेल्या असल्यास मात्र दंडच बदलावा लागतो.